सतरा नंबरची सुगी

सोयाबीनची पानं पिवळी पडून गळायला लागली, की आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर शालेय क्रीडा स्पर्धांचं पत्र येऊन पडतं. दरवर्षी उशिराच येतं, आणि दरवर्षी त्यात तेच वाक्य असतं, की प्रवेशिका मुदतीत सादर कराव्यात, विलंबास मुख्याध्यापक जबाबदार राहतील. ते मुख्याध्यापक म्हणजे मी. नायगावपासून आठ किलोमीटरवरच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा आहे, तिचा प्रभार माझ्याकडे आहे. प्रभार म्हणजे सही आपली आणि शिव्याही आपल्याच. हे पत्र आलं, की पुढचा आठवडाभर माझं कशात लक्ष लागत नाही. घरी हे माझं तोंड बघूनच ओळखतात. "मास्तरीणबाई, आलं वाटतं तुमचं पत्र," म्हणतात आणि गाडीला किक मारून रानाकडे जातात.

काढणीला आलेल्या सोयाबीनला एक कोरडा, कडवट वास असतो. मळणीयंत्र, म्हणजे आमचा हडंबा, सुरू झाला, की भुसा उडून घराघरात येतो. कपाळावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, भाकरीच्या पिठात, सगळीकडे तो असतो आणि दिवसभर अंग खाजत राहतं. दुपारचं ऊन चटके देतं आणि पाच वाजले की अचानक गार वाटायला लागतं. या दिवसांत माझ्या वर्गाच्या पटावर अडतीस नावं असतात आणि समोर अकरा लेकरं. बाकीची रानात. मी एकेक नाव घेते, उत्तर येत नाही, मी गैरहजेरीची खूण करते आणि पुढचं नाव घेते. इतक्या वर्षांच्या नोकरीत न आलेल्या लेकराला मी कधी हजर दाखवलं नाही, हे मी लोकांना मोठ्या तोंडानं सांगत असे. घरी हे मला कडू कारलं म्हणतात. तुपात तळा, साखरेत घोळा, फरक पडायचा नाही, असं पाहुण्यांसमोरही सांगतात. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडायचं.

सहा वर्षांपूर्वीच्या सुगीत माझी मुलगी शिवानी दहावीच्या वर्षात होती आणि ती कुठल्याच शाळेत नव्हती. आठवी झाल्यावर मीच तिला शाळेतून काढलं होतं. शिक्षिकेनं आपलंच लेकरू शाळेतून काढावं, ही गोष्ट तालुक्यातल्या लोकांनी दोन वर्षं चवीनं चघळली.

तिला चालायचं होतं. चालण्याची शर्यत असते हे तोवर मलाही धड माहीत नव्हतं. आठवीत असताना नांदेडच्या मैदानावर ती सहाशे मीटर धावून पाचवी आली आणि हिरमुसून आपल्या बॅगेकडे तरातरा चालत निघाली. तिथे पठाण सर उभे होते. निवृत्त क्रीडाशिक्षक, पांढरी दाढी, गळ्यात शिट्टी, रोज सकाळी स्टेडियमवर येईल त्या लेकराला शिकवणारे. त्यांनी तिला थांबवलं. "पळायचं सोड बेटा. तुझी चाल बघितली मी. चालायची बी शर्यत असती, मालूम हाय का?"

ही शर्यत बघताना हसू येतं, पण तिचा नियम फार कडक. एक पाय कायम जमिनीला टेकलेला पाहिजे, आणि पुढे टाकलेला पाय गुडघ्यात सरळ. दोन्ही पाय क्षणभर जरी अधांतरी झाले, की पंच ते टिपतात. अशा तीन चुका झाल्या की लाल पाटी दाखवून बाहेर. त्यामुळे चालणारा कमरेतून असा वळत जातो, की बघणाऱ्याला चेष्टा सुचते. सकाळी नायगावच्या रस्त्यावर शिवानी चालायची आणि मी स्कूटीवर तिच्या मागे. दूध घालायला निघालेली माणसं गाडी हळू करून विचारायची, "मॅडम, पोरीच्या कमरेला काय झालं हो? लचक भरली का?" शिवानी समोर बघून चालत राहायची. पठाण सरांनी तिला तेच शिकवलं होतं. "हसणाऱ्याला हसू दे. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर नसतेत."

अडचण वेळेची होती. सकाळचा सराव, शनिवार-रविवार नांदेड, आणि शाळेत नववीपासूनच दहावीचे जादा तास. तिच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, एक तर पाय चालवा, न्हाई तर डोकं." त्याच सुमारास आमच्या ओळखीचे सोनटक्के सर घरी आले. त्यांचं शेजारच्या गावात हायस्कूल. चहाची बशी खाली ठेवून ते म्हणाले, "नाव माझ्या पटावर राहू द्या. पोरगी घरी राहू द्या, मैदानावर राहू द्या, काय फरक पडतो? निम्मी लातूरची पोरं अशीच शिकून राहिली." ते खरंच होतं. नाव खेड्यातल्या शाळेत आणि पोरगं लातूरच्या क्लासात, ही आमच्याकडची रोजची रीत आहे. त्याची आता कुणाला लाजही वाटत नाही.

मला वाटली. मी सांगितलं, "सर, दुसऱ्याच्या लेकराची खोटी हजेरी मी लावत नाही, मग माझ्याच लेकराची कशी लावून घेऊ?" मी सरळ रस्ता धरला. शाळा सोडल्याचा दाखला काढला आणि बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा जो सतरा नंबरचा फॉर्म असतो, तो भरायचं ठरवलं. दोन वर्षं घरी अभ्यास, मग बोर्डाची परीक्षा. सगळं कायद्यात बसणारं. दाखला हातात घेऊन घरी आले तेव्हा मी किती ताठ चालत होते, हे आठवलं तरी आता लाज वाटते.

आमच्याकडे सतरा नंबर म्हणजे नापासांचा फॉर्म. जाऊबाईंनी विचारलं, "कामून, नापास झाली का शिवू?" गावानं वेगळाच अर्थ काढला. पोरीची शाळा बंद झाली, म्हणजे पोरगी उजवायची आहे. पंधरा वर्षांच्या माझ्या लेकीला स्थळं यायला लागली. एक बाई मुखेडहून आली, चांगली दोन तास बसली, शिवानीला पाणी आणायला लावून तिची चाल बघितली आणि जाताना मला हळूच म्हणाली, "पोरगी चांगली हाय, पण जराशी झपाझप चालती." आम्ही तिघं त्या दिवशी पोट धरून हसलो. त्या दोन वर्षांतलं मोकळं हसणं मला तेवढंच आठवतं.

कारण घर म्हणजे शाळा नसते, हे मला, शाळेत आयुष्य काढलेल्या बाईला, समजलं नव्हतं. साडेनऊला मी निघायची, दुसऱ्यांची लेकरं शिकवायला. हे रानात. माझी मुलगी एकटी, दाराला आतून कडी. भिंतीवर मी तक्ता लावला होता, कुठल्या तासाला कुठला विषय. बीजगणिताची उदाहरणं काढून ठेवायची, इतिहासाची प्रश्नोत्तरं लिहून ठेवायची आणि संध्याकाळी तपासायची. ती सगळं करून ठेवायची. वही स्वच्छ, अक्षर देखणं, चुका थोड्या. मी लाल पेनानं बरोबरच्या खुणा करायची आणि मला वाटायचं, बघा, जमलं. एकदा मी ताप आला म्हणून घरी राहिले होते. साडेदहाच्या सुमारास शिवानी उठून गच्चीवर गेली. मी मागून गेले. आमच्या घरापासून तिची जुनी शाळा दोन गल्ल्या सोडून आहे. तिथे प्रार्थना सुरू होती आणि ही गच्चीत हात जोडून उभी होती. मला बघून ओशाळली. "रोज येती का वर?" मी विचारलं. "हाव," ती म्हणाली, "तेवढंच कुणाच्या तरी संगं." मी खाली येऊन काढा करून प्यायले.

एवढं सगळं कशासाठी, तर पुण्याच्या एका कॉलेजासाठी. तिथे अकरावीपासून खेळाडूंसाठी वेगळ्या जागा होत्या, वसतिगृह होतं, धावपट्टी होती आणि चालण्याच्या शर्यतीचे स्वतंत्र प्रशिक्षक होते. शिवानीनं त्या मैदानाचा फोटो मोबाइलच्या पडद्यावर ठेवला होता. ह्यांना मात्र तिला लातूरला ठेवून डॉक्टर करायचं होतं. आमच्या नांदेड-लातूर जिल्ह्यांत बापानं दुसरं काही स्वप्न बघितलं तर लोक त्याची चौकशी करतात. शेवटी बापलेकीत करार झाला. दहावीच्या वर्षी ती शालेय स्पर्धेत राज्यापर्यंत गेली तर पुणे, नाही तर लातूर. आधी नांदेडला जिल्हास्तर, मग लातूरला विभाग, मग राज्य. पठाण सर म्हणाले, "तीन किलोमीटरला या विभागात हिच्या पुढे कोणी न्हाई. आरामशीर जाती."

पहिलं वर्ष त्यांनी तिला स्पर्धेत उतरवलंच नाही, नुसती चाल घोटून घेतली. दुसऱ्या वर्षी, सोयाबीन पिवळं पडलं, तेव्हा हेच पत्र आलं. मी शाळेत बसून माझ्या लेकरांच्या प्रवेशिका भरत होते. शाळेचा क्रमांक, विद्यार्थ्याचा क्रमांक, मुख्याध्यापकाचा शिक्का. दोन धावणारी, एक गोळाफेकवाली. तीन नावं भरून झाली आणि चौथ्या वेळी माझा हात थांबला. शिवानीच्या नावापुढे शाळेचा क्रमांक काय लिहायचा?

ज्या बाईनं वर्षानुवर्षं या प्रवेशिका स्वतःच्या हातानं भरल्या, तिच्या हे ध्यानात आलं नाही. बाहेरून परीक्षा देता येते, तर बाहेरून शर्यतही चालता येत असेल, असं मी धरूनच चालले होते. स्पर्धा शालेय, आणि माझ्या लेकीला शाळाच नव्हती. चालायला वेळ मिळावा म्हणून मी तिला शाळेतून काढलं आणि त्याच दाखल्यानं तिचं चालणं बंद केलं. क्रीडा कार्यालयातल्या साहेबांनी कागद बघून मान हलवली. "मॅडम, तुम्हीच शिक्षिका. तुम्हाला काय सांगावं?" ॲथलेटिक्स संघटनेच्या खुल्या स्पर्धा उन्हाळ्यात होऊन गेल्या होत्या, आणि पुण्याला शालेय राज्यस्तराचाच कागद हवा होता.

सोनटक्के सर पुन्हा आले. माणूस मनानं वाईट नव्हता. त्यांनी सगळं तयार करून आणलं होतं. जूनपासून शिवानी त्यांच्या शाळेत नियमित हजर आहे, असा पालकाचा अर्ज. तारीख मागची. खाली फक्त माझी सही हवी होती. "बाकी सगळं मी बघतो," ते म्हणाले. अर्ज तीन दिवस फडताळात होता. हे म्हणाले, "तू ठरव." त्यांना लातूर हवं होतं, तरी ते असं म्हणाले, हे मी विसरत नाही.

तिसऱ्या दिवशी शिवानी तो अर्ज आणि पेन घेऊन माझ्यापुढे बसली. मी पोळ्या लाटत होते.

"आई, कर की सही. एवढीच तर हाय."

"खोटं लिहून मैदानात उतरायचं का?"

"मैदानात मी खोटं चालत न्हाई ना. पाय उचलला की पाटी दाखवत्येत. तिथं तर सगळं खरंच हाय."

"उद्या कुणी तक्रार केली तर?"

"तुला तक्रारीची भीती न्हाई. तुला तुझ्या नावाची भीती हाय."

मी लाटणं खाली ठेवलं आणि तिला एक लांबलचक भाषण दिलं. सत्य, संस्कार, नोकरी, लोक काय म्हणतील, खोट्यावर उभं केलेलं टिकत नाही. वर्गात देते तसंच. ती शेवटपर्यंत ऐकत बसली. मग पेनाचं टोपण लावून उठली. दुसऱ्या दिवशी मी तो बिनसहीचा अर्ज सोनटक्के सरांना परत नेऊन दिला. येताना मला हलकं वाटत होतं.

तरी पठाण सरांनी तिला मैदानात नेलंच. पंचांच्या हातापाया पडून त्यांनी एवढीच परवानगी मिळवली, की ती चालेल, पण नंबर नाही, नाव नाही, नोंद नाही. सगळ्या मुलींच्या छातीवर आकडे होते आणि माझ्या लेकीचा निळा शर्ट कोरा. साडेसात फेऱ्या. दुसऱ्या फेरीलाच ती पुढे गेली. पाचव्या फेरीला तिच्या मागे कुणी दिसत नव्हतं. एकाही पंचानं तिच्याकडे बोट केलं नाही. मंडपातल्या माइकवरून दुसऱ्या मुलीचं नाव पहिल्या क्रमांकावर म्हणून पुकारत होते, आणि प्रेक्षकांतली पोरं गोंधळून शिवानीकडे बघत होती. शेवटच्या रेषेवर दोन मुली दोरी धरून उभ्या होत्या. शिवानी आली तेव्हा त्यांच्या बाईंनी काहीतरी सांगितलं आणि त्यांनी दोरी हात ताणून वर उचलली. शिवानी तिच्या खालून निघून गेली. मग दोरी पुन्हा छातीपर्यंत खाली आली, आणि बऱ्याच वेळानं मागची मुलगी ती तोडून आत आली. टाळ्या वाजल्या.

पठाण सर कुंपणाला धरून उभे होते. त्यांचे डोळे भरले होते. "अकरावीत बघू बेटा," ते म्हणाले, "मोठा गट हाय, लई वेळ हाय." शिवानी हाव म्हणाली. बूट सोडले, एकात एक घातले, पिशवीत ठेवले. येताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. बाहेर दोन्ही बाजूंना काढलेल्या सोयाबीनचे ढीग होते. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो काढला नाही, पण धरलाही नाही.

मार्चमध्ये ती दहावीला बसली. सतरा नंबरवाल्यांची एक वेगळी खोली होती. एक गॅरेजवाला मुलगा, आणि एक लग्न झालेली मुलगी, जिचं बाळ बाहेर सासूच्या मांडीवर रडत होतं. त्यांच्यात माझी शिवानी. एक्क्याण्णव टक्के पडले. मी गल्लीत पेढे वाटले आणि ज्यांनी नापासांचा फॉर्म म्हटलं होतं, त्यांना दोन-दोन दिले. करारात ठरल्याप्रमाणे ती लातूरला गेली. एका खोलीत चौघी, खाटांमधून अंग चोरून जावं लागे. दोन वर्षं पुस्तकं, दोनदा प्रवेश परीक्षा, दोन्ही वेळा थोडक्यात राहिलं. पठाण सरांचे फोन वर्षभर येत होते, मग थांबले. आता ती नांदेडला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चांगलं शिकते, रुग्ण तिचं नाव काढतात. ती वाया गेली असं मी म्हणत नाही, कुणी म्हटलं तर मी भांडेन. पण वसतिगृहापासून दवाखान्यापर्यंत ती ऑटोनं जाते, आणि उतरून आत जाते तेव्हा सगळ्यांसारखी चालते. मागून बघणाऱ्याला काही वेगळं दिसत नाही.

लोक अजून मला म्हणतात, मॅडम, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत. पूर्वी हे ऐकून मी मान खाली घालायची, ती विनयानं. आता पायाकडे बघायला घालते. खरेपणा ही मोठी गोष्ट आहे, हे मी अजूनही मानते. पण त्या दिवशी मी जे जपलं ते खरेपण होतं, की तालुक्यातलं माझं नाव होतं, हे मला ठरवता येत नाही. पेन माझ्या हातात होतं आणि चालणारे पाय तिचे होते.

यंदाच्या सुगीत काय झालं, तेही सांगायला हवं. माझ्या शाळेत आठवीला कोमल म्हणून मुलगी आहे. आई रोजंदारीला जाते, धाकटी भावंडं हिच्या अंगावर, त्यामुळे आठवड्यातून दोन दिवस आली तर आली. पण धावते अशी, की बघत राहावं. तिचा चुलता प्रवेशिका घेऊन आला. त्यात छापलेलं होतं, सदर विद्यार्थिनी शाळेत नियमित उपस्थित असते. खाली मुख्याध्यापकाची सही. मी पेन उचललं आणि सही केली. शिक्का मारला. चुलत्याला म्हटलं, "वेळेत घेऊन जा तिला." तो गेला आणि मी पुढच्या वर्गावर गेले. या सगळ्याला दोन मिनिटंही लागली नसतील.

रविवारी शिवानी घरी आली होती. दवाखान्याचा पांढरा गणवेश इस्त्री करत होती. मी तिला हे मुद्दाम सांगितलं. मला वाटलं होतं, हे ऐकून तिचं काहीतरी हलकं होईल. खरं म्हणजे माझं होईल. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कितवा नंबर आला तिचा?"

"अजून स्पर्धा व्हायची हाय."

"पळू दे," ती म्हणाली. बाहीवरून इस्त्री फिरवली, बाही उलटी केली, परत फिरवली. "म्हणजे येत होतं तुला."

तिनं इस्त्रीची वायर काढली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून, अगदी सहज, रुग्णाला विचारावं तसं विचारलं, "सही करताना हात थरथरला का गं तुझा?"

हाव म्हणायला हवं होतं. तेवढ्या एका खोट्यावर तिचा हक्क होता, आणि मी ते सहा वर्षं उशिरा का होईना तिला देऊ शकले असते. पण तोंडाला जन्माची सवय.

"न्हाई," मी म्हणाले.